कंपनीला परत दिलेला फ्रिज: एका सेवेचे परीक्षण

घरातील फ्रिज, धुलाई यंत्र किंवा टीव्ही निकामी झाला की तो ज्या कंपनीने बनवला तिच्याकडेच परत देता यावा आणि त्याची रीतसर विल्हेवाट लावण्याचा भार त्या कंपनीने उचलावा, ही तरतूद आपल्याकडे कायद्यात येऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही ही सोय प्रत्यक्षात वापरलेला माणूस शोधू गेल्यास सहसा सापडत नाही. पुण्यातील आमच्या घरचा एकदारी फ्रिज यंदा दुरुस्तीपलीकडे गेला, तेव्हा तो भंगारात न घालता कंपनीच्या या सेवेमार्फतच द्यायचे ठरवले आणि सोबत इतर मार्गांचीही चौकशी केली. कंपनी घरगुती उपकरणांच्या व्यवसायातील मोठी आणि जुनी आहे. तिचे नाव येथे देत नाही, कारण आमच्या सोसायटीतील ज्यांनी अन्य कंपन्यांकडे विचारणा केली, त्यांना मिळालेली उत्तरे थोड्याफार फरकाने हीच होती, आणि जो दोष दिसला तो एका कंपनीपेक्षा व्यवस्थेच्या रचनेत अधिक आहे.

निकाल आधीच सांगतो. फ्रिज गेला, नोंदणीकृत प्रक्रिया केंद्रात पोहोचला आणि त्याची पावतीही मिळाली. तेवढ्यापुरती ही सेवा खरी आहे, देखावा नाही. मात्र ती पदरात पाडून घेण्यासाठी ग्राहकाला जो चिवटपणा दाखवावा लागतो तो पाहता, लोकांनी ती वापरावी अशी कंपनीची मनापासून इच्छा असल्याचे जाणवत नाही. पाचपैकी तीन गुण देईन, आणि त्यांतले दोन टेम्पो घेऊन आलेल्या माणसांचे आहेत.

कंपनीच्या संकेतस्थळावर या सेवेची माहिती आहे, पण ती पानाच्या अगदी तळाशी, गोपनीयता धोरण आणि भागधारकांसाठीच्या सूचना यांच्या शेजारी, बारीक अक्षरांत. तेथे एक टोल फ्री क्रमांक, शहरवार संकलन केंद्रांची यादी आणि कायद्याला अपेक्षित असलेला सगळा मजकूर दिलेला आहे: उपकरण स्वतः उघडू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये, नोंदणी नसलेल्या व्यक्तीला देऊ नये. मजकुरात चूक काही नाही. तो मराठीत नाही, आणि ज्या घरांतून जुने फ्रिज निघतात त्यांतील किती जणांना तो वाचता येईल याचा विचार झालेला नाही. फोन लावल्यावर नवी खरेदी, दुरुस्ती, बसवणी आणि वाढीव वॉरंटी असे पर्याय क्रमाने ऐकू येतात. परत देण्याचा पर्याय त्यांत नाही. त्यामुळे दुरुस्तीचा आकडा दाबून माणसापर्यंत पोहोचावे लागते. पलीकडच्या मुलीने नम्रपणे विचारले, "सर, फ्रिज रिपेअर करायचाय की एक्स्चेंजमध्ये द्यायचाय?" दोन्ही नको, नुसता परत द्यायचा आहे, हे तिच्या पचनी पडायला वेळ लागला. वरिष्ठांना विचारून तिने एक वेगळा क्रमांक दिला, जो संकेतस्थळावरील क्रमांकापेक्षा निराळा होता.

त्या दुसऱ्या क्रमांकावर मात्र कामाची माणसे भेटली. ती कंपनीची नव्हती. कंपनीने ज्या प्रक्रिया केंद्राशी करार केला आहे त्याची होती. पिनकोड, मॉडेल, कितवा मजला, लिफ्ट आहे का, असे नेमके प्रश्न त्यांनी विचारले, आणि शेवटी, "काँप्रेसर जागेवर आहे ना?" या एका प्रश्नात या धंद्याचे सगळे गणित आहे. फ्रिजच्या भंगारात किंमत असते ती मुख्यतः काँप्रेसरला, कारण त्याचे जाड पोलादी कवच आणि आतली वेटोळी या दोन्हींना बाजारात भाव मिळतो. मागची तांब्याची नळी आणि पत्रा त्याखालोखाल. काँप्रेसर कापून नेलेला फ्रिज हा प्लास्टिक, काच आणि पफ, म्हणजे भिंतींत भरलेला फुगवलेला फोम, यांचा सांगाडा उरतो, आणि तो कोणालाच नको असतो. तसा फ्रिज असेल तर गाडी पाठवता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कंपनीने बनवलेल्या वस्तूची जबाबदारी कंपनीची, असे तत्त्व एकदा मान्य केले, तर ती अर्धवट लुटलेल्या वस्तूचीही असायला हवी. पण येथे जबाबदारी काँप्रेसरपाशी सुरू होते आणि काँप्रेसरपाशीच संपते.

आता भावाविषयी. सोसायटीच्या फाटकाशी नेहमी येणाऱ्या भंगारवाल्याने फ्रिज पाहताच सांगितले, "साहेब, आत्ता देताय तर बाराशे देतो. कंपनीवाले येईस्तोवर तुमच्या गॅलरीत गंजून जाईल." कंपनीच्या सेवेने देऊ केलेली रक्कम त्याच्या निम्म्याहूनही कमी होती, आणि तीही रोख नव्हे तर नंतर खात्यावर जमा होणारी. सामान्य माणूस या दोन आकड्यांकडे पाहून जो निर्णय घेईल त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण हा फरक का पडतो हे पाहिले पाहिजे, कारण नेमक्या याच फरकासाठी हा कायदा आहे.

दोघेही शेवटी विकतात ते लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम आणि थोडे प्लास्टिक. भंगारवाल्याच्या साखळीत पुढे गाळ्यावर नळी कापली की आतला वायू हवेत जातो, तेल जमिनीवर सांडते आणि पफ एखाद्या मोकळ्या प्लॉटवर जाळला किंवा टाकला जातो; यांपैकी कशाचाही खर्च त्याला येत नाही. नोंदणीकृत केंद्राला वायू यंत्राने ओढून टाकीत भरावा लागतो, तेल वेगळे काढून धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पाठवावे लागते, परवाने, नोंदी आणि तपासण्या सांभाळाव्या लागतात. तोच माल नीट हाताळण्याचा खर्च भंगाराच्या भावातून निघत नाही, आणि जो निघत नाही तो उत्पादकाने भरावा, हाच 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' या लांबलचक नावाचा मथितार्थ आहे. ही कल्पना १९९० मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील थॉमस लिंडक्विस्ट यांनी तेथील पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अहवालातून पुढे आली. वस्तूच्या विल्हेवाटीचे बिल नगरपालिकेऐवजी उत्पादकाकडे गेले, की तो मुळातच सुटी करायला सोपी आणि कमी विषारी वस्तू बनवू लागेल, अशी त्यामागची अपेक्षा होती. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांसाठी तिचा कायदा केला आणि पुढे युरोपीय संघाने २००३ मध्ये विद्युत उपकरणांसाठी निर्देश काढला.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. फ्रिज, टीव्ही, धुलाई यंत्र आणि वातानुकूलन यंत्र ही तेव्हापासूनच यादीत आहेत. त्या नियमांत जबाबदारी होती, पण किती माल परत घ्यायचा याचे बंधन नव्हते. २०१६ च्या नियमांनी ते आणले. उत्पादकाने संकलनाची योजना करायची, ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मंजूर करून घ्यायची, संकलन केंद्रे आणि टोल फ्री क्रमांक द्यायचे, आणि ठरलेले लक्ष्य पुरे करायचे. आज संकेतस्थळांच्या तळाशी दिसणारी ती बारीक अक्षरे ही त्या काळाची देणगी आहे. २०२२ मध्ये तिसऱ्यांदा नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. यादीतील उपकरणे २१ वरून १०६ झाली, आणि काही वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या वजनावरून यंदाचे लक्ष्य काढण्याची पद्धत पक्की झाली. फ्रिजचे सरासरी आयुष्य १० वर्षे धरले जाते, म्हणजे दहा वर्षांपूर्वी विकलेल्या फ्रिजचे वजन हा पाया. त्याच्या ६० टक्के लक्ष्य २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी होते, २०२५-२६ पासून दोन वर्षे ते ७० टक्के आहे, आणि २०२७-२८ पासून ८० टक्के होईल.

कागदावर ही प्रगती आहे. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर मात्र एक महत्त्वाची गोष्ट निसटली. नव्या पद्धतीत उत्पादकाला स्वतः फ्रिज गोळा करण्याची गरज उरली नाही. नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राने जेवढा माल हाताळला त्याची प्रमाणपत्रे तयार होतात आणि उत्पादक ती ऑनलाइन विकत घेऊन आपले लक्ष्य पूर्ण करतो. ती प्रमाणपत्रे माझ्या फ्रिजचीच असली पाहिजेत असे नाही; ती माझ्या शहरातली किंवा त्या कंपनीच्या मालाचीही असली पाहिजेत असे नाही. यात तत्त्वतः गैर काही नाही, कारण प्रत्येक कंपनीने आपापला माल देशभरातून निवडून गोळा करणे महाग आणि निरर्थक आहे. पण याचा परिणाम असा, की माझा फोन कंपनीसाठी केवळ एक उपद्रव ठरतो. लक्ष्य प्रमाणपत्रांनी पूर्ण झालेले असते. मग पुण्याच्या एका तिसऱ्या मजल्यावरून एक फ्रिज उचलण्यासाठी टेम्पो पाठवण्यात कोणाला रस असणार? फोनवरच्या त्या मुलीला माहिती नव्हती यात तिचा दोष नाही. तिला ती माहिती असावी अशी निकड कंपनीला वाटेल असे नियमांत फारसे काही उरलेले नाही.

दुसरी आणि माझ्या मते अधिक गंभीर त्रुटी मोजमापातली आहे. प्रमाणपत्रांचा हिशेब लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे आणि सोने या चार धातूंच्या वजनावर बेतलेला आहे. हे धातू भंगारवाला कायदा नसतानाही काढतच होता. त्यांच्यासाठी कोणाला बक्षीस देण्याची गरज नव्हती. फ्रिजमध्ये ज्याच्यासाठी कायदा हवा ते म्हणजे वायू, तेल आणि पफ, आणि नेमके तेच धातूंच्या या वजनात येत नाही. आमच्या फ्रिजच्या मागच्या पट्टीवर आर-१३४ए असे लिहिलेले होते. हा वायू ओझोनला हानी करत नाही म्हणून जुन्या आर-१२ च्या जागी आला, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमान वाढवतो. एका घरगुती फ्रिजमध्ये तो दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो असे धरले, तर एक नळी कापल्यावर दोनशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. आजच्या नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असते. त्याचा तापमानवाढीतला वाटा नगण्य आहे, पण ते ज्वालाग्राही आहे. दहा-पंधरा वर्षांनी हे फ्रिज भंगारात येऊ लागतील, तेव्हा गॅस कटर घेऊन बसलेल्या कामगारासाठी धोका हवेतला नसून हाताशी असेल.

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच नंतर, टेम्पो आला. दोघे कामगार होते, हातमोजे एकाच्याच हातात. पण काम त्यांनी जाणतेपणाने केले. दार दोरीने बांधले, आतल्या काचा वेगळ्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मागच्या नळीला धक्का लागू नये म्हणून त्या बाजूला पुठ्ठा लावला आणि जिन्यावरून फ्रिज शक्यतो उभाच उतरवला. आडवा का नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "तेल नळीत येतं, मग कारखान्यावर गॅस काढताना तरास होतो." फोनवरच्या साऱ्या संभाषणांपेक्षा या एका वाक्याने मला जास्त खात्री वाटली, कारण ज्याला पुढे वायू काढायचाच नाही त्याला हे सुचणार नाही.

पावतीवर मॉडेल, अंदाजे वजन, केंद्राचा नोंदणी क्रमांक आणि दिनांक होता. काही काळाने ईमेलवर एक प्रशस्तिपत्रही आले, त्यावर हिरवी पाने, एक पृथ्वी आणि माझे नाव चुकीच्या आडनावासह. फ्रिजचे पुढे काय झाले याचा एक शब्द त्यात नव्हता. म्हणून केंद्राला फोन करून विचारले. वायूबद्दल तेथील व्यवस्थापकांनी सविस्तर सांगितले: काँप्रेसरच्या नळीला छिद्र पाडणाऱ्या पकडीने तो ओढून सिलिंडरमध्ये साठवतात, तेल वेगळे होते, मग काँप्रेसर कापला जातो. पफबद्दलचे उत्तर मोघम होते, "तो पुढे जातो." कोठे, कोणाकडे, कोणत्या स्वरूपात, हे विचारल्यावर विषय तेथेच थांबला. जुन्या फ्रिजच्या पफमध्ये तो फुगवण्यासाठी वापरलेला वायूही अडकलेला असतो, आणि तो पकडायचा तर पूर्ण फ्रिज बंदिस्त यंत्रात तोडावा लागतो. तशी यंत्रसामग्री महाग आहे. तेव्हा वायूला पूर्ण गुण आणि पफला शून्य, असा माझा हिशेब आहे. केंद्राच्या सेवेची मी तरीही शिफारस करेन, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे होते ते त्यांनी लपवले नाही.

या सगळ्याचे पैसे कोण देते, हा प्रश्न न्यायालयात गेला आहे. प्रमाणपत्रांची किंमत बाजारावर सोडल्यावर ती इतकी खाली गेली की प्रामाणिक केंद्रांना परवडेना, म्हणून केंद्र सरकारने २०२४ मध्ये किमान दर ठरवला: ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी किलोमागे २२ रुपये आणि स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. त्याला आव्हान देत २०२५ मध्ये डायकिन, सॅमसंग आणि एलजी यांसारख्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा युक्तिवाद असा, की खासगी व्यवहारातला दर सरकारने ठरवू नये आणि खर्च अवाच्या सवा वाढतो. पस्तीस किलोचा फ्रिज धरला तर या दराने ७७० रुपये होतात. नव्या फ्रिजसोबत दुकानात आग्रहाने विकल्या जाणाऱ्या वाढीव वॉरंटीच्या किमतीशी हा आकडा ताडून पाहावा. मला तो अवाजवी वाटत नाही. उलट पफसाठीची यंत्रे आणायची झाली तर तो अपुरा पडेल असे वाटते. किमान दराबाबत एक मुद्दा मात्र खरा आहे: प्रमाणपत्राच्या मागे खरोखर माल आहे की नाही याची तपासणी सैल राहिली, तर दर वाढवून फक्त कागद महाग होईल. प्लास्टिकच्या बाबतीत २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्याच तपासणीत सहा लाखांच्या घरात बनावट प्रमाणपत्रे सापडली होती, आणि ती देणाऱ्यांत महाराष्ट्रातील प्रक्रिया केंद्राचाही समावेश होता.

जपान आणि स्वित्झर्लंड यांनी हा पैशाचा प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी सोडवला आहे. जपानमध्ये २००१ पासून टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्र आणि वातानुकूलन यंत्र टाकून देताना मालकच प्रक्रियेचे शुल्क भरतो. स्वित्झर्लंडमध्ये ते खरेदीच्या वेळीच किमतीत घेतले जाते, आणि मग जुनी वस्तू तशा वस्तू विकणाऱ्या कोणत्याही दुकानात फुकट परत करता येते. जिथे भंगाराला चार पैसे मिळतात अशा आपल्या देशात जपानी पद्धत एक दिवसही टिकणार नाही. स्विस पद्धत विचार करण्याजोगी आहे.

आता इतर मार्गांविषयी थोडक्यात. दुकानातील एक्स्चेंज योजना सर्वांत सोपी: नवा फ्रिज येतो, तीच माणसे जुना नेतात, आणि बिलात सूट मिळते. पण तो कोठे जातो, असे मी ज्या दुकानात विचारले तेथे सरळ उत्तर मिळाले की लॉटने व्यापाऱ्याला. चालू स्थितीतला फ्रिज असेल तर हे वाईटही नाही. तो रंगवून, गॅस भरून एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलीत आणखी काही वर्षे चालतो, आणि वस्तूचे आयुष्य वाढणे हे ती वितळवण्यापेक्षा केव्हाही चांगले. नव्या नियमांतही दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेल्या मालाला वेगळे श्रेय आहे. बंद पडलेला फ्रिज मात्र या मार्गाने दिला तर तो शेवटी त्याच गाळ्यावर पोहोचतो जेथे नळी कापली जाते, फरक एवढाच की मधे दुकानाचे बिल येते. मोबाइलच्या दुकानांतील ई-कचरा टाकण्याच्या पेट्यांबद्दलही सांगायला हवे: मी पाहिलेल्या पेटीत चार्जर, तुटलेले इअरफोन आणि एक कॅल्क्युलेटर होता, फोन एकही नव्हता. फोनला बाजारात भाव असतो, आणि ज्याला भाव असतो ते पेटीत पडत नाही.

याच्या उलट उदाहरण इन्व्हर्टरच्या बॅटरीचे आहे. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनी मागूनच घेतो, तिच्या वजनाप्रमाणे सूट देतो, आणि जुनी न दिल्यास भाव जास्त लावतो. बॅटरीसाठी असे नियम २००१ पासून आहेत आणि २०२२ मध्ये ते नव्याने आले, पण ही पद्धत चालते ती नियमांपेक्षा शिशाच्या किमतीमुळे. ग्राहकाला काहीच खटपट करावी लागत नाही. ज्या हाताने नवी मिळते त्याच हाताने जुनी जाते. कंपन्यांनी फ्रिजच्या बाबतीत हेच करायला काय अडचण आहे, हे मला समजले नाही. नवा फ्रिज पोहोचवणारी गाडी रिकामीच परत जाते. दुसऱ्या टोकाला दुधाच्या पिशव्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीसोबत पिशवीमागे ५० पैसे परताव्याची योजना जाहीर केली होती. आमच्या दूधवाल्याकडे किंवा दुकानात ती कधी दिसली नाही. पन्नास पैशांसाठी पिशव्या धुऊन, मोजून, परत नेणारे कोणी नसते, आणि त्या मोजून घेणारेही.

एक सूचना करावीशी वाटते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करत आली आहे, आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सेविका रोज लाखो दारांत जातात. त्यांना आणि फाटकाशी येणाऱ्या भंगारवाल्याला वगळून एक समांतर टेम्पो व्यवस्था उभारणे खर्चिक आहे, आणि ती त्यांच्या पोटावरही पाय देते. त्याऐवजी कंपनीने न कापलेल्या, वायूसहित फ्रिजला भंगाराच्या भावावर काही रक्कम वरून द्यावी. भंगारवाला स्वतःच तो उभा बांधून केंद्रापर्यंत नेईल. बाराशेला घेतलेला फ्रिज जर त्याच्याकडून अठराशेला अखंड विकत घेतला गेला, तर तो नळीला करवत लावणार नाही. किमान दरातून केंद्राच्या हाती येणाऱ्या पैशातला काही भाग थेट या माणसापर्यंत गेला तर हे शक्य आहे. सध्याच्या नियमांत हा माणूस कोठेच नाही. नोंदणी आहे ती उत्पादक, पुनर्वापर करणारे आणि प्रक्रिया करणारे यांची.

ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी फोनवर पहिल्यांदाच 'ई-कचरा' हा शब्द वापरावा आणि 'एक्स्चेंज' हा शब्द टाळावा, म्हणजे योग्य क्रमांक लवकर मिळतो. उचलणाऱ्या केंद्राचा नोंदणी क्रमांक आधी मागून घ्यावा आणि तो केंद्रीय मंडळाच्या यादीत आहे का ते पाहावे. वायू कसा काढता आणि पफ कोठे जातो, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. पावतीवर वजन आणि मॉडेल असल्याखेरीज वस्तू देऊ नये. सोसायटीतील चार-पाच घरांनी आपापली बंद उपकरणे एकत्र नोंदवली तर गाडी लवकर येते आणि भावही थोडा बरा मिळतो, असे टेम्पोवाल्यांनीच सुचवले. लहान गावांतल्या वाचकांना मात्र यातले फारसे उपयोगी पडणार नाही. सातारा जिल्ह्यातील आमच्या नातेवाइकांसाठी मी त्याच क्रमांकावर विचारले, तेव्हा त्यांच्या पिनकोडला सेवा नाही, वस्तू पुण्यात आणून दिल्यास स्वीकारू, असे उत्तर मिळाले. तोच फ्रिज विकताना कंपनीची गाडी त्या गावापर्यंत गेली होती.